अपेंडिक्सचे दुखणे : रक्तप्रवाह काय सांगतो?

पोटात उजवीकडे खाली कळ, मळमळ, बारीक ताप. अपेंडिक्स असेल का? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी खेड्यापाड्यांतून असे रुग्ण येतात, तेव्हा आधी बहुधा सोनोग्राफीच होते. सीटी स्कॅन अधिक नेमका, पण खर्चिक. शिवाय क्ष-किरणांमुळे मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी तो शक्यतो टाळतात.

प्रोबने हळूहळू दाबत अपेंडिक्स पाहण्याची पद्धत डच डॉक्टर पायलार्ट यांनी १९८६ मध्ये मांडली. दाबूनही चपटे न होणारे, ६ मिलिमीटरहून जाड अपेंडिक्स दिसले की सुजेचा संशय बळावतो. खरी पंचाईत ६ ते ८ मिलिमीटरच्या दरम्यान, कारण निरोगी अपेंडिक्सही एवढे असू शकते. इथे डॉप्लर कामी येतो. सुजलेल्या भिंतीत रक्त जास्त धावते. ते पडद्यावर रंगात दिसते, त्याचा वेगही मोजता येतो. वेगळे यंत्र लागत नाही, बहुतेक सोनोग्राफी यंत्रांत ही सोय असते.

पण रंग दिसला नाही म्हणजे आजार नाही, असे समजणे धोक्याचे. अपेंडिक्स सडू लागले की रक्तप्रवाहच थांबतो. आतड्यातल्या वायूमुळे कधी ते दिसतही नाही. त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ असूनही दुखणे वाढत असेल, तर घरी थांबू नका. सर्जनकडून पोट पुन्हा तपासून घ्या, त्याच दिवशी.