कल्पित विमाने आणि औचित्यविचार

१

फ्लाइट सिम्युलेटरसाठी कल्पित लढाऊ विमाने आणि कल्पित मोहिमा रचण्याचा छंद गेल्या काही दशकांत जगभर रुजला आहे. हे छांदिष्ट केवळ तयार खेळ खेळून थांबत नाहीत. जे विमान कोणत्याही कारखान्यात बांधले गेले नाही त्याची आकृती ते संगणकावर घडवतात; त्याचे वजन, पंखांचा विस्तार, एंजिनाचा रेटा ठरवतात; त्याला एखाद्या खऱ्या किंवा खोट्या देशाच्या हवाई दलाची चिन्हे देतात; आणि ते विमान ज्यात उडावे असे युद्धही रचतात. साहित्यसमीक्षेने ह्या व्यवहाराची दखल घ्यावी काय, असा प्रश्न उपस्थित झाला की दोन ठरीव उत्तरे पुढे येतात. पहिले उत्तर असे की, हा यंत्रवेड्यांचा पोरखेळ आहे. साहित्याशी त्याचा संबंध नाही. दुसरे उत्तर सिद्धान्तांशी परिचय असलेल्यांचे असते. त्यांच्या मते हे मूळ नसलेल्या प्रतिकृतींचे, म्हणजे ज्याँ बोद्रियारने १९८१ साली मांडलेल्या ‘सिम्युलाक्रम’चे, नमुनेदार उदाहरण होय, येथे वास्तव आणि आभास ह्यांतील सीमारेषाच पुसली गेली आहे.

ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. त्यांतले दुसरे अधिक चुकीचे आहे, कारण ते विचार केल्याचा भास निर्माण करते. पहिले उत्तर देणारा निदान हात झटकून मोकळा होतो. दुसरे उत्तर देणारा एक पारिभाषिक शब्द चिकटवतो आणि कृती न पाहताच तिच्यासंबंधी निर्णय देतो. प्रश्न एका छंदापुरता असता तर वादाचे कारण नव्हते. परंतु कल्पिताला कोणत्या निकषांनी तपासायचे आणि कशाबद्दल जबाबदार धरायचे, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. आणि तो समीक्षेचा मूलभूत प्रश्न आहे.

२

सीमारेषा पुसली गेल्याचा दावा एका प्रसिद्ध उदाहरणावर तपासून पाहता येईल. रडारला चकवणारे एक गुप्त लढाऊ विमान अमेरिकेजवळ आहे, अशी कुजबुज १९८० च्या दशकात होती. त्याचे रूप सामान्य जनांपैकी कोणालाच माहीत नव्हते. टेस्टर्स ह्या प्रतिकृती बनवणाऱ्या कंपनीने १९८६ साली ‘एफ-१९’ नावाची एक प्रतिकृती बाजारात आणली. त्याच वर्षी टॉम क्लॅन्सीच्या ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ ह्या कादंबरीतही ‘एफ-१९’ अवतरले. १९८८ साली मायक्रोप्रोझने ह्याच कल्पित विमानाचे सिम्युलेटर काढले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकी सरकारने खऱ्या विमानाचे अस्तित्व मान्य केले. त्याचे नाव निघाले ‘एफ-११७’. प्रतिकृतीचे अंग गोलाईदार आणि गुळगुळीत होते. खरे विमान सपाट पैलूंचे, कोनाकोनांचे होते.

ह्यानंतरचा भाग समीक्षेच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. मायक्रोप्रोझने १९९१ साली ‘एफ-११७’चे नवे सिम्युलेटर काढले तेव्हा त्यात दोन पर्याय ठेवले. एक, लॉकहीडने बांधलेल्या विमानाच्या मर्यादा पाळणारा. दुसरा, कंपनीने स्वतः कल्पिलेला, अधिक शस्त्रे वाहणारा. दोन्ही पर्यायांना वेगवेगळी नावे होती आणि खेळणारा निवड करीत होता. सीमारेषा पुसली गेली असती तर अशा निवडीला अर्थच उरला नसता. १९९१ च्या आखाती युद्धावर लिहिताना बोद्रियारने दूरचित्रवाणीसमोर बसलेला प्रेक्षक गृहीत धरला होता. त्या प्रेक्षकाला प्रतिमा कशी तयार होते हे दिसत नाही. कल्पित विमान रचणाऱ्याची स्थिती नेमकी उलट असते. कोणता आकडा खरा, कोणता अंदाजाचा आणि कोणता पदरचा, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. प्रेक्षकासाठी बनवलेला सिद्धान्त रचनाकाराला लावणे म्हणजे वाचकासंबंधीची विधाने लेखकावर लादण्यासारखे आहे.

३

मग ह्या रचनांना कोणता निकष लावायचा? त्यासाठी पॅरिसला जाण्याची गरज नाही. काश्मीरपर्यंत गेले तरी पुरे. ह्या छंदातील ‘व्हॉट इफ’, म्हणजे ‘असे झाले असते तर’, ह्या प्रकारात ज्या कसोटीने परस्परांच्या कृती तपासल्या जातात ती यथार्थाची कसोटी नव्हे, कारण विमान खोटे आहे हे सर्वांनी आधीच मान्य केलेले असते. ती औचित्याची कसोटी आहे. ब्रिटनच्या ‘टीएसआर-२’ ह्या विमानाचे पहिले उड्डाण सप्टेंबर १९६४ मध्ये झाले आणि एप्रिल १९६५ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. ते रद्द झाले नसते तर १९७५ साली त्याच्यावर कोणते रंग असते, पंखाखाली कोणती शस्त्रे असती, कोणत्या तळावर ते असते? ह्या प्रश्नांना खरे उत्तर नाही. परंतु उचित आणि अनुचित उत्तरे निश्चितपणे आहेत. त्या विमानात १९९० च्या दशकातील रडार बसवले तर जाणकार ती रचना नाकारतो. गळ्यात बांधलेली मेखला आणि कमरेला घातलेला हार हास्यास्पद का ठरतात, हे क्षेमेंद्राने अकराव्या शतकात सांगितले तेव्हा त्याच्यासमोर हाच प्रश्न होता. अलंकार खोटे नसतात. ते अस्थानी असतात.

भारतीय वाचकाला अधिक जवळचे उदाहरण ‘मारुत’चे आहे. कुर्ट टँक ह्या जर्मन अभिकल्पकाच्या मार्गदर्शनाखाली बंगलोरला घडलेले हे विमान १९६१ साली उडाले आणि १९७१ च्या युद्धात लढले. तथापि ज्या शक्तिशाली एंजिनासाठी त्याची आकृती आखली होती ते एंजिन त्याला कधीच मिळाले नाही, आणि योजिलेला वेग त्याने कधीच गाठला नाही. ‘मिळाले असते तर’ हे वाक्य उच्चारताच मनुष्य कल्पिताच्या प्रदेशात शिरतो. परंतु तो प्रदेश मोकाट नसतो. मारुतची देहयष्टी, त्या काळातील एंजिने, देशाची परकीय चलनाची स्थिती ह्या सर्वांनी त्या ‘तर’ला वेसण घातलेली असते.

रोलाँ बार्तने १९६८ साली वास्तवाभासाची चर्चा करताना कथानकाला अनावश्यक असे तपशील केवळ ‘हे खरे आहे’ एवढेच सुचवण्यासाठी येतात, असे दाखवले होते. कल्पित विमानाच्या अंगावरील अनुक्रमांक, धुराचे डाग, सूचनांची बारीक अक्षरे हे तशाच प्रकारचे तपशील आहेत. परंतु येथे आणखी एक गोष्ट घडते, जी कादंबरीत घडू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरांत विमानाचे वर्तन आकड्यांच्या तक्त्यांनी ठरत असे. रचनाकाराने लिहिले की विमान वळे. उलट ‘एक्स-प्लेन’ ह्या सिम्युलेटरात ‘प्लेन मेकर’ नावाच्या साधनाने केवळ आकृती, वजन, गुरुत्वमध्य आणि एंजिनाचा रेटा द्यायचा असतो. पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावर पडणारे बल संगणक सेकंदाला अनेक वेळा मोजतो. शेपटीचा उभा पंख अपुरा असेल तर विमान स्थिर राहत नाही, मग रचनाकाराची इच्छा काहीही असो. आनंदवर्धनाने कवीला काव्यसंसाराचा प्रजापती मानले. ह्या संसारात प्रजापतीला त्याची सृष्टी उलट उत्तर देते. त्याने विधान करायचे नसते. प्रस्ताव ठेवायचा असतो.

ह्या फरकाचे मोल महाराष्ट्रात तरी वेगळे सांगण्याची गरज पडू नये. विसाव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘वैमानिक शास्त्र’ ह्या संस्कृत ग्रंथात विमानांची सविस्तर वर्णने आणि आकृत्या आहेत. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली त्यांची छाननी केली आणि ती विमाने उडण्यास असमर्थ असल्याचे दाखवून दिले. तरीही २०१५ साली मुंबईत भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येचा दावा करणारा निबंध वाचला गेलाच. दोन कल्पिते शेजारी ठेवून पाहावीत. एक आपण कल्पित असल्याचे कबूल करते आणि उडण्याच्या कसोटीला सामोरे जाते. दुसरे आपण सत्य असल्याचे सांगते आणि कसोटी टाळते. वास्तव आणि आभास ह्यांतील रेषा पुसण्याचा आरोप करायचाच असेल, तर तो ह्यांपैकी कोणावर करावा?

४

येथवरच्या प्रतिपादनावरून हा ह्या छंदाचा गौरव आहे असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. ह्या रचनांना कल्पित साहित्याचा दर्जा देण्याचे प्रयोजन हेच की, मग त्यांना कल्पित साहित्याचे दायित्वही पत्करावे लागते. विमानाकडून मोहिमेकडे वळताच हे दायित्व टाळले जात असल्याचे दिसून येते.

मोहीम ही एक संहिता आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर कथा बहुधा भूतकाळात सांगितली जाते. मोहीम आज्ञार्थात दिली जाते आणि संकेतार्थात घडते. प्रारंभीच्या निवेदनात परिस्थिती, हवामान, शत्रूचे बळ, इंधन आणि लक्ष्य येते: अमुक उंचीवरून जा, अमुक वेळी पोहोच, अमुक पाड. त्यामागे रचनाकाराने ‘जर हे विमान ह्या क्षेत्रात शिरले, तर ते क्षेपणास्त्र सुटेल’ अशी वाक्ये पेरलेली असतात. ह्या रूपबंधात कर्ता एकच असतो, आणि तो आकाशात असतो.

२००२ सालच्या ‘स्ट्राइक फायटर्स’ ह्या सिम्युलेटरचे उदाहरण घ्यावे. त्यातील बहुतेक माहिती साध्या मजकुराच्या फायलींत असल्याने छांदिष्टांनी त्यात असंख्य खरी-खोटी विमाने भरली. मूळ खेळाची भूमी म्हणजे धीमार आणि पारान ही दोन कल्पित वाळवंटी राष्ट्रे. त्यांची नावे, हवाई दले, विमानांवरील चिन्हे सारे काही आहे. जमिनीवरच्या वस्तूंची मात्र एक यादी आहे: इमारतीचा प्रकार, तिचे स्थान, तिची दिशा आणि तिचे ‘मूल्य’. हे मूल्य म्हणजे एक आकडा असतो. ज्या शब्दाभोवती समीक्षेचा सारा व्यवहार फिरतो तो शब्द येथे, पाडण्याजोगी वस्तू किती मोलाची, एवढ्याच अर्थाने वापरला जातो. त्या इमारतीत राहणाऱ्या माणसांसाठी यादीत रकाना नाही. पश्चिमेने रचलेल्या पूर्वेच्या प्रतिमेचे जे विश्लेषण एडवर्ड सैदने १९७८ साली केले, त्याला इतका बोलका पुरावा एखाद्या कादंबरीत सापडणे कठीण.

ह्यावर ठरलेला प्रतिवाद असा की, खेळ हे स्वायत्त विश्व असते. योहान हाउझिंगाने १९३८ साली खेळाची जी कल्पना मांडली तिचा आधार त्यासाठी घेतला जातो. मराठी वाचकाला हा युक्तिवाद नवा नाही, रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त ज्या अलौकिकतावादाची सविस्तर चिकित्सा आहे त्याचीच ही एक आवृत्ती होय. परंतु हा छंद जोपासणाऱ्यांना तिचा आश्रय घेण्याचा अधिकार नाही, कारण त्यांनी स्वतःच ती नाकारली आहे. एंजिनाचा इतिहास, धातूची सहनशक्ती, रंगाची नेमकी छटा ह्या सर्व बाबतींत त्यांनी लौकिकाला प्रमाण मानले. पंखासाठी जग मान्य करायचे आणि वस्तीसाठी ते अमान्य करायचे, हा स्वायत्ततेचा सिद्धान्त नव्हे. ती सोय आहे.

माणसे आणली तर खेळ उरणार नाही, हा दुसरा प्रतिवादही टिकत नाही. नाम्को ह्या जपानी कंपनीच्या २००१ सालच्या ‘एस कॉम्बॅट ०४’ ह्या सर्वस्वी कल्पित जगातील खेळात प्रत्यक्ष मोहिमांच्या मधूनमधून एका मुलाचे निवेदन येते. पाडलेले एक विमान त्याच्या घरावर कोसळले आणि त्याचे कुटुंब गेले. तो व्याप्त शहरात राहतो आणि ज्या शत्रू-वैमानिकाशी खेळणारा आकाशात लढतो त्याच्याशीच त्याचा स्नेह जडतो. ह्या उपकथेचे काम करणाऱ्या सुनाओ काताबुचीने पुढे २०१६ साली दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांखालच्या घरगुती जगण्यावर ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ हा चित्रपट केला. युद्ध खालून पाहणारा निवेदक आणला म्हणून तो खेळ मोडला नाही; उलट त्यातील प्रत्येक विजयाला एक सावली लाभली. एका धंदेवाईक खेळाला जे साधले ते बाजाराचे कोणतेही बंधन नसलेल्या छांदिष्टाला अशक्य असण्याचे कारण नाही.

तेव्हा ह्या रचनांवरील खरा आक्षेप त्या अवास्तव आहेत असा नसून त्यांचे औचित्य अर्धवट आहे असा आहे. आणि हा आक्षेप ‘पोरखेळ’ म्हणणाऱ्याला घेता येत नाही, कारण पोरखेळाला कोणी जाब विचारत नाही. ‘सिम्युलाक्रम’ म्हणणाऱ्यालाही घेता येत नाही, कारण सारेच आभास मानल्यावर कोणाचा आभास अन्यायाचा, हे सांगण्याची सोय उरत नाही. तो घेण्यासाठी संहिता उघडून वाचावी लागते. १९६४ सालच्या विमानावर १९९४ सालचे रडार ज्याला खपत नाही, त्याला घराच्या जागी एक आकडा कसा खपतो, हा प्रश्न विचारणे हे समीक्षेचे काम आहे. ते तिने यंत्रवेड्यांवर सोडून देऊ नये.