संगणकाची पदवी आणि पात्रतेचा प्रश्न

बारावीचा निकाल जवळ आला कीं पेण काय आणि रोहें काय, ओसरीवर बसलेल्या चार माणसांत एकच विषय निघतो : मुलाला ‘बी. सी. ए.’ला घालावें काय? पूर्वीं डॉक्टर कीं इंजिनियर एवढाच वाद असे. आतां ज्याला यांपैकीं कांहींच जमलें नाहीं त्यानें संगणकाकडे जावें, असा एक समज रूढ होत आहे. हा समज आम्हांस मुळींच मान्य नाहीं. जी विद्या दुसरें कांहीं न जमल्यामुळें पत्करली जाते, ती सहसा फळत नाहीं.

रोह्याच्या एका वाचकांनीं आम्हांस याच विषयावर सविस्तर पत्र लिहिलें आहे. मुलगा वाणिज्य शाखेचा, शिक्षण मराठी माध्यमांतून, गणित अकरावींतच सुटलेलें. तो या पदवीस पात्र आहे काय, असें ते विचारतात. शासनाच्या नियमानें पात्र होणें ही एक गोष्ट, आणि बुद्धीच्या घडणीनें पात्र असणें ही निराळी. पालक बहुधा पहिलीचीच चौकशी करून थांबतात.

प्रथम नियमांची गोष्ट. कोणत्याही शाखेंतून बारावी उत्तीर्ण झालेल्यास या पदवीचें दार उघडें आहे; गणिताची सक्ति नाहीं. परंतु केवळ गुणपत्रिका घेऊन महाविद्यालयाच्या कचेरींत गेलें कीं काम झालें, हे दिवस संपले. २०२४-२५ या वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें हा अभ्यासक्रम आपल्या कक्षेंत घेतला आणि महाराष्ट्रांत त्याकरितां सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. पहिली परीक्षा मे २०२४ मध्यें झाली. तिची वार्ता पुष्कळ घरांत वेळेवर पोंचलीच नाहीं. शेवटीं त्याच वर्षीं ऑगस्टांत ती पुन्हां घ्यावी लागली. दुसरी संधि दर वर्षीं मिळेलच, या भरंवशावर कोणी राहूं नये. अर्ज बारावीचा निकाल लागण्यापूर्वींच भरावयाचा असतो, हें ध्यानांत ठेवावें.

त्या पहिल्या परीक्षेची रचना पाहण्यासारखी आहे. ९० मिनिटांत १०० प्रश्न. त्यांतील ४० इंग्रजी भाषेचे, ३० तर्क व अंकगणिताचे, १५ सामान्य ज्ञानाचे आणि संगणकाचे अवघे १५! म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलाची खरी कसोटी संगणकांत नसून इंग्रजींत आहे. आम्हीं अनेक वर्षें वर्गांत पाहिलें आहे कीं, आपल्या मुलांना इंग्रजी येत नाहीं असें नाहीं. तें वेगानें वाचतां येत नाहीं. त्याला उपाय खर्चाच्या शिकवणीचा नव्हे. रोज एक उतारा घड्याळ लावून वाचावा आणि त्याचा आशय आपल्या मराठींत आईस सांगावा. सहा महिन्यांत फरक पडतो. चुकीच्या उत्तरास त्या परीक्षेंत गुण कापले जात नव्हते. तरीहि आमच्या मुलांनीं भीतीपोटीं प्रश्न कोरे सोडले असतील, तर त्यांना काय म्हणावें?

एक सावधगिरी. नवा नियम आल्यावर कित्येक महाविद्यालयांनीं परिषदेच्या कक्षेंतील अभ्यासक्रमांचीं नांवें बदलून ते परीक्षेच्या बाहेर ठेविले. पुणें विद्यापीठांत वाणिज्य शाखेखालीं संगणकाचाच एक अभ्यासक्रम ‘बी. बी. ए.’ या नांवानें कंसांत ‘सी. ए.’ लावून चालत आला आहे. मुंबई विद्यापीठाच्या माहिती-तंत्रज्ञानाच्या बी. एस्‌सी.स बारावीचें गणित मागण्याचा प्रघात आहे. तेव्हां पाटीवरील नांव न पाहतां विद्यापीठाची संलग्नता, परिषदेची मान्यता आणि तीन वर्षांच्या विषयांची यादी हातांत घेऊन वाचावी. पुढें एम. सी. ए. करावयाचें असल्यास (हा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून तीनाऐवजीं दोन वर्षांचा झाला आहे) गणिताचा प्रश्न तेथें पुन्हां उभा राहूं शकतो. गणित सोडलेल्या मुलास आमचें सांगणें इतकेंच कीं, परीक्षेसाठीं नाहीं तरी संगणकासाठीं तें पुन्हां हातीं धर.

आतां दुसरी पात्रता. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, पण पाणिनीच्या पायाशीं थोडे दिवस बसण्याचें भाग्य लाभलें. त्या बळावर लिहितों. अष्टाध्यायींत सुमारें ४,००० सूत्रें आहेत. सामान्य नियम आधीं, अपवाद मागाहून; एकदां आलेला शब्द पुढील सूत्रांत न उच्चारतां चालू राहतो; आणि दोन नियमांचा विरोध आला तर कोणता चालवावा, तेंहि सांगून ठेविलें आहे. संगणकास आज्ञा देणें म्हणजे याहून फार निराळें नव्हे. १९६७ सालीं इंगरमन नांवाच्या संगणकतज्ज्ञानें, संगणकाच्या भाषांचें व्याकरण लिहिण्याच्या बॅकसच्या पद्धतीस पाणिनीचेंहि नांव जोडावें, अशी सूचना केली होती. (मात्र ‘नासानें संस्कृतास संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरविलें’ ही जी वार्ता आपल्या घराघरांत फिरते, तिच्यावर विसंबूं नये. रिक ब्रिग्ज यांचा १९८५ चा एक लेख तिच्या मुळाशीं आहे, आणि असा निर्णय कोणी दिल्याचें त्यांत नाहीं.)

मुलाची ही पात्रता घरींच अजमावतां येते. पेणेस तर साधन दाराशींच आहे. गणपतीच्या कारखान्याची वही घ्या : मूर्तीचे आकार, किंमती, गिऱ्हाइकांनीं दिलेला इसारा, उरलेली बाकी, पाठवणीची तारीख. मुलास सांगा कीं, हा हिशेब ज्याला कांहींच कळत नाहीं अशा माणसाकडून करवून घ्यावयाचा आहे. त्याला पायरीपायरीनें सूचना लिहून दे, मराठींतच. जो मुलगा अर्ध्या घटकेंत कागद आणून देतो आणि उठतो, त्याच्याविषयीं आम्ही साशंक राहूं. जो विचारतो, ‘गिऱ्हाइकानें मूर्ति रद्द केली तर इसारा परत द्यावयाचा काय? एकाच नांवाचीं दोन माणसें आलीं तर?’ त्याला खुशाल पाठवावें. आणि आपली चूक आपणच शोधून काढण्यांत ज्याला आनंद वाटतो, त्याला तर पाठवावेंच.

हल्लीं यंत्रेंच आज्ञावलि लिहूं लागलीं आहेत, मग मुलें शिकून काय करणार, असेंहि विचारलें जातें. शंका रास्त आहे. नुसती नक्कल करणाऱ्याचें काम खरोखरच जाईल. परंतु यंत्रानें लिहिलेलें बरोबर कीं चूक, हें ओळखणारा कोणी तरी लागणारच, आणि ती ओळख वरील वहीच्या प्रश्नांतूनच येते.

पदवीवरच सारें जीवित ठरतें असेंहि नाहीं. रोह्याच्या महाविद्यालयास ज्यांचें नांव आहे ते चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकमध्यें पहिले आले, संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली, केंब्रिजला वनस्पतिशास्त्रादि विषय घेतले, आणि १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तेव्हां वाणिज्याच्या मुलानें संगणकाकडे वळण्यांत भलतेंच कांहीं नाहीं.

राहतां राहिली खर्चाची बाब. मुलींकरितां शासनानें जुलै २०२४ मध्यें व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. आर्थिक दुर्बल घटकांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असलेल्या घरांतील मुलीहि त्यांत येतात. आपल्या निवडलेल्या महाविद्यालयास व जागेस ती सवलत लागू आहे काय, हें पैसे भरण्यापूर्वीं लेखी विचारावें. व्यवस्थापनाच्या कोट्यांतील जागा घेणाऱ्यांनीं तर अवश्य विचारावें. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला तहसील कचेरींतून मिळतो आणि तो त्या आर्थिक वर्षापुरताच चालतो. निकालानंतर त्या कचेरीपुढें रांग लागते. एप्रिलांतच अर्ज करणारा घरीं निवांत असतो.