देशी आहे, म्हणून फ्लॅटमध्ये?

आमच्या डोंबिवलीत आधी हस्कीची लाट आली. मे महिन्याच्या दमट दुपारी ते बर्फातलं जनावर गॅलरीत धापा टाकताना पाहून सगळे हळहळायचे. आता डोंबिवलीपासून घोडबंदर रोडपर्यंत देशी हाउंडची हौस पसरते आहे, पण हळहळायला कुणी तयार नाही. कारण हा कुत्रा ‘आपला’ आहे.

अभिमानाला कारणं आहेत. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. २००५ साली मुधोळ हाउंडवर टपाल तिकीट निघालं. ऑगस्ट २०२०मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्री पाळायचं आवाहन केलं. याच कुळीतला आपल्याकडचा कुत्रा म्हणजे लातूर-सोलापूरकडचा कारवान. पण तिकिटावर मावणारा कुत्रा वन बीएचकेत मावतोच असं नाही.

बीगलसारखे हाउंड वासावर चालतात. मुधोळ, कारवान नजरेवर. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट. हे शरीर मोकळ्या माळावर सशामागे सुटण्यासाठी घडलं आहे. दूर काही हललं की तो धावतो, आणि तेव्हा तुमची हाक त्याला ऐकू येत नाही. दर पावलाला धन्याकडे वळून पाहणाऱ्या कुत्र्याला ससा सापडला नसता. घरच्यांवर जीव, परक्यांशी फटकून, कुणी उगाच हात लावलेला नावडतो. माळावर हे सगळे गुणच. नवव्या मजल्याला जाणाऱ्या भरलेल्या लिफ्टमध्ये त्यांच्याच तक्रारी होतात. आमच्या इमारतीतला कारवान सोसायटीच्या ग्रुपवर ‘डेंजरस’ ठरला, घरात ‘मठ्ठ’ ठरला आणि आठ महिन्यांत ‘गावी’ गेला. कुणाच्या गावी, ते कुणी विचारलं नाही.

‘मग या जाती टिकणार कशा?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्या आजवर टिकल्या शेतावर, धनगरांच्या वाड्यावर, राखणीच्या कामावर. टॉवरमधल्या मागणीने टिकेल ते फक्त रूप. पिल्लांची निवड फोटोवरून होईल. जात टिकवायची असेल, तर तिचं काम आणि तिची मोकळी जागा आधी टिकवायला हवी.

सकाळची फास्ट लोकल आणि रात्री नऊची परत यायची वेळ यांमध्ये त्याला रोज कुंपणाच्या मैदानात मोकळं पळवणार कोण? उत्तर नसेल, तर पिल्लू आणू नका. आणि देशीपणाचा उमाळा आवरतच नसेल, तर गेटपाशी झोपलेल्या कुत्रीची पिल्लं पाहा. तीही देशीच आहेत. फक्त त्यांच्यावर अजून तिकीट निघालेलं नाही.