समुद्र एक, वह्या दोन

नॉर्वे देशाची पहिली ओळख आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांस कॉड माशाच्या तेलाच्या बाटलीवरून झालेली असते. तो कॉड मासा धरण्यास त्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, टेलेमार्कपासून स्वीडनच्या सरहद्दीपर्यंतच्या किनारी पाण्यात, २०१९ सालापासून मनाई करावी लागली आहे. आणि इतके करूनही तेथे कॉडची स्थिती सुधारल्याचे दिसत नाही. शास्त्रात, शिस्तीत व सुबत्तेत अग्रेसर म्हणून वाखाणलेल्या राष्ट्रावर ही पाळी का यावी, याचा विचार करणे अगत्याचे आहे. आमच्या मते हे संकट कोणा एकाच्या दुष्टपणामुळे ओढवलेले नाही. समुद्राचा हिशेब ठेवण्याची जी रीत तेथे रूढ झाली, ती रीतच सदोष आहे.

नॉर्वेचा किनारा फ्योर्डांनी चिरलेला आहे. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेली, डोंगरांत दूरवर शिरलेली अरुंद व खोल खाडी. हिच्या मुखाशी बहुधा पाण्याखाली उंबरठ्यासारखा उंचवटा असतो व आत खोली शेकडो मीटरांवर जाते. अशा रचनेमुळे प्रत्येक फ्योर्ड हे बऱ्याच अंशी एक स्वतंत्र घर बनते. त्याच्या तळाशी, थंड पाण्यात व मऊ चिखलावर, गुलाबी कोळंबी राहते. काठच्या समुद्रवनस्पतींच्या आश्रयाने कॉडची पिले वाढतात, आणि पुढे खोल पाण्यात उतरून हीच कोळंबी खातात. कोळंबीसाठी ओढले जाणारे ट्रॉल जाळे त्याच तळावरून फिरते. म्हणजे कोळंबी हे कॉडचे अन्न, आणि कोळंबीचे जाळे हे कॉडच्या पोरांचे मरण. इतका निकटचा संबंध असता एकीचा हिशेब एका वहीत व दुसऱ्याचा दुसऱ्या वहीत ठेवावयाचा, आणि दोन्ही वह्या कधी एकत्र ताडून पाहावयाच्या नाहीत, हे शहाणपण कोणते?

या खोल पाण्यातील कोळंबीचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योहान योर्ट या शास्त्रज्ञाने ट्रॉल जाळ्याचे प्रयोग करून लावला व त्यातून एक नवा धंदा उभा राहिला. कॉडविषयी तर १९३३ सालीच गुन्नार रोलेफसेन याने दाखवून दिले होते की, बॅरंट्स समुद्रातून लोफोटेनकडे अंडी घालण्यास येणारा कॉड आणि किनाऱ्यावर कायम राहणारा कॉड यांच्या कानांतील खड्यांची घडण निराळी असते. अर्थात ही दोन निराळी कुळे होत. हे ठाऊक असूनही कॉड पकडणाऱ्या बोटींना या दोहोंसाठी मिळून एकच कोटा दिला जात आला. मोठ्या कुळाच्या श्रीमंतीत लहान कुळाचे दारिद्र्य झाकून गेले. पहिल्या वहीतच असा घोटाळा असल्यावर दुसरीची गोष्ट काय बोलावी?

आमच्या या म्हणण्यावर आक्षेप येतील याची आम्हांस जाणीव आहे. पहिला आक्षेप व्यापाऱ्यांचा. ते म्हणतात, ‘कॉड गेला तर गेला, त्याचा भक्षक नाहीसा झाल्याने कोळंबी वाढेल, आणि कोळंबीस भाव अधिक.’ यात सत्याचा अंश आहे. वर्म व मायर्स या शास्त्रज्ञांनी २००३ साली उत्तर अटलांटिकच्या नऊ विभागांची तुलना केली, तेव्हा त्यांपैकी आठांत कॉड घटता कोळंबी वाढते असेच दिसून आले. पण मयताची मिळकत वारसास मिळाली म्हणून मृत्यूस कोणी नफा म्हणत नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर १९९२ च्या जुलैत कॉडची मासेमारी बंद करावी लागली व हजारो कुटुंबांची रोजी एका दिवसात गेली. पुढे तेथे कोळंबी उदंड झाली खरी, परंतु कालांतराने तीही घटली. ती बंदी उठण्यास २०२४ साल उजाडावे लागले. एका प्राण्याच्या नाशावर दुसऱ्याचा धंदा उभारणारास तिसऱ्याचा आधार शोधण्याची वेळ येते, हे या उदाहरणावरून कळावे.

दुसरा आक्षेप उत्साही सुधारकांचा: मासे कमी झाले तर पैदा करून सोडावेत! याचा प्रयोग आरेंडाल गावाजवळ फ्लोडेव्हिगेन येथे झालेला आहे. गुंडर डॅनेव्हिग याने १८८२ साली तेथे कॉडची अंडी उबवण्याचे केंद्र काढले व १९७१ पर्यंत कोट्यवधी पिले समुद्रात सोडण्यात आली. योर्ट याने या उद्योगाच्या उपयोगाविषयी शंका घेतली होती, व पुढील निरीक्षणांनी तीच दृढ झाली. सोडलेल्या पिलांमुळे मासे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. सुमारे नव्वद वर्षे माणसांनी मोठ्या निष्ठेने काम केले; त्या निष्ठेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु घराचे छप्पर उडालेले असता पाळणे वाढवून मुले जगत नाहीत.

तिसरा आक्षेप यंत्रज्ञांचा असून तो अधिक विचारार्ह आहे. नॉर्वेने जाळ्यात तिरपी गजांची चौकट बसवण्याची युक्ती काढली. मुळात ती जेलीफिश बाहेर काढण्यासाठी नूरमोर भागातील कोळ्यांनी वापरली. तिच्या गजांतील अंतर १९ मिलिमीटर. कोळंबी गजांतून आत जाते व मोठा मासा वरच्या वाटेने निसटतो. हा उपाय उत्तम आहे आणि त्याचे श्रेय कोळ्यांसच दिले पाहिजे. परंतु कोळंबीच्याच आकाराचे कॉडचे पिलू त्याच फटीतून आत जाते, त्याचे काय? म्हणून उत्तरेकडे आणखी एक नियम केला आहे: दहा किलो कोळंबीमागे आठांहून अधिक कॉडची पिले निघाली, की तो भाग बंद. हा नियम आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. कारण येथे कोळंबीच्या वहीत कॉडची नोंद प्रथमच झाली. मात्र ही नोंद केवळ जाळ्यात आलेल्यांची आहे. कॉडच्या तोंडचा घास किती गेला व जाळ्याने तळ किती खरवडला, याचे रकाने अद्याप कोरेच आहेत.

चौथा आक्षेप खुद्द कोळ्यांचा. ‘ऑस्लोफ्योर्डात शहरांचे सांडपाणी व शेतांतील खत वाहून येते, पाणी तापत चालले आहे, हौशी लोक गळ टाकून मासे नेतात, मग दोषी आम्हीच का?’ हा प्रश्न न्याय्य आहे, व त्याचे उत्तर टाळून त्यांच्यावर निर्बंध लादणे हा अन्याय होय. नगरपालिका, शेतकरी, सुटीतील प्रवासी या सर्वांची नावे त्याच वहीत लिहिली गेली पाहिजेत. परंतु दहा कारणांनी खंगलेल्या रोग्यावरील एक भार आपण उतरवू शकतो, तो इतर नऊ उतरेपर्यंत तसाच ठेवावा, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आमचे मागणे थोडक्यात असे. प्रत्येक फ्योर्डाची एकच वही असावी. कोळंबी किती काढावी हे ठरवताना कॉडच्या पोटास किती लागेल ते आधी वजा करावे. अंडी घालण्याच्या व पिले वाढण्याच्या जागा कायमच्या मोकळ्या ठेवाव्यात. आणि हे सर्व ठरवताना तेथील कोळी मंडळात असावेत. मोकळ्या जागांचा गुण अनुभवास आलेला आहे. २००६ साली स्कागेराक किनाऱ्यावर शेवंड्यांच्या रक्षणासाठी काही लहान क्षेत्रे राखून तेथे जाळी व सापळे वर्ज्य करण्यात आले. त्यांपैकी एक फ्लोडेव्हिगेन येथेच आहे. चार वर्षांत शेवंडे तर वाढलेच, पण कॉडलाही त्या संरक्षणाचा लाभ झाल्याचे दिसून आले. पिले सोडून जे सिद्ध झाले नाही, त्याची चिन्हे मासे त्यांच्या जागी सुखाने राहू देताच दिसू लागली.

नॉर्वेच्या खाड्यांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. १९५२ सालच्या करारान्वये नॉर्वेच्याच साहाय्याने केरळात नींडकरा येथे यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला, आणि कोळंबीच्या निर्यातीस पुढे जो बहर आला त्याच्या मुळांशी तो होता. कोळंबीच्या जाळ्यांवरून यांत्रिक बोटी व पारंपरिक कोळी यांच्यात तेथे कलह माजले आणि १९८८ पासून पावसाळ्यात ट्रॉलबंदी आली. आपल्या कोकणातही पावसाळ्यात बोटी बंद राहतात, पण उरलेल्या दहा महिन्यांत कोळंबीबरोबर येणाऱ्या बारीक मासळीचा हिशेब कोण मागतो? ताटात कोळंबी वाढून घेताना आपण तिचा भाव मात्र विचारतो. तिच्याबरोबर आणखी काय मेले, हेही विचारण्याची सवय आपण गिऱ्हाइकांनी लावून घेतली, तर दुसऱ्या वहीचे पान उघडण्यास येथेही प्रारंभ होईल.