गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आलं आणि २०१५ साली सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. तेव्हापासून जुन्या रसिकांची एक तक्रार कायम आहे. शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी घातली, कव्वाली आणली आणि नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतात भेसळ केली. त्यावर पुस्ती अशी, की पंडित भानुशंकरांच्या भूमिकेसाठी मराठी गवई मिळाला नाही, म्हणून चेंबूरचा तमिळ गायक, शंकर महादेवन, आणला.

यातलं काहीही मला पटत नाही.

आधी भेसळीचं बघू. जितेंद्र अभिषेकींनी सोवळं कधी पाळलं होतं? ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद त्यांनी दोन रागांत बांधलं, धानीत आणि सालगवराळीत. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. शब्द तेच, पण एकात ते शांतपणे उलगडत जातात आणि दुसऱ्यात ताना अंगावर चाल करून येतात. पंडित भानुशंकर आणि त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या घराण्यांचं वैर संवादाशिवाय कानाला कळतं. यातल्या सालगवराळीची मुळं कर्नाटक संगीतात आहेत. ज्या संगीतकाराने नाटकाच्या गरजेसाठी दक्षिणेकडे हात पसरायला कमीपणा मानला नाही, त्याच्या नावाने शुद्धतेचा आग्रह धरणं हा त्याच्यावरच अन्याय आहे. पडद्याची गरज वेगळी, म्हणून गाणीही वेगळी. ‘अरुणि किरणी’ ही चित्रपटातली नवी बंदिश ऐकून कुणी तिला उसनी म्हणून दाखवावं.

आता चेंबूर. शंकर महादेवन तिथेच वाढले. फाइन आर्ट्सच्या सभागृहातली कर्नाटक मैफल, छेडानगरचं मुरुगन मंदिर आणि टिळकनगरचा गणेशोत्सव हे सगळं या एकाच उपनगरातलं. शिवाय ते श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले. अशा माणसाला परका ठरवायचं असेल, तर निम्म्या मुंबईला परकं म्हणावं लागेल.

चित्रपटाचं खरं न्यून वेगळंच आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मूळ नाटकात वसंतराव देशपांडे खाँसाहेब आफताब हुसेन म्हणून उभे राहत, तेव्हा अहंकार आणि तान एकाच छातीतून निघत. दम तुटला तर तो पात्राचाही तुटे. संगीत नाटक म्हणजे हेच! २०१० च्या पुनरुज्जीवनात राहुल देशपांडे खाँसाहेब आणि महेश काळे पंडितजींचा शिष्य सदाशिव म्हणून स्वतः रंगमंचावर गात होते. चित्रपटाने या दोघांचे गळे घेतले आणि चेहरे बदलले. सचिन पिळगांवकर खाँसाहेबांची जळजळ डोळ्यांतून उत्तम दाखवतात, सदाशिव झालेले सुबोध भावेही कमी पडत नाहीत. पण तान सुरू झाली की मला सांधा दिसतो. ओठ बरोबर हलतात, मानेवरची शीर मात्र त्या तानेची नसते. महेश काळे यांना ‘अरुणि किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही पार्श्वगायक म्हणून. सदाशिव रंगमंचावर जगलेला माणूस पडद्यामागे गेला, याची मला फार चुटपुट लागते.

आणि या सबंध चित्रपटात ज्या प्रमुख भूमिकेत गळा आणि चेहरा एकाच माणसाचा आहे, ती नेमकी शंकर महादेवन यांची. ‘सूर निरागस हो’ गाताना श्वास कुठे घेतला ते त्यांच्या खांद्यांवर दिसतं. अभिनयाचा त्यांना सराव नव्हता, संवादांत ते जाणवतंही. तरी गायक-नटाची आपली परंपरा या चित्रपटात टिकली ती त्यांच्यामुळे.

कॅमेऱ्याला असा गाणारा नट पेलत नाही, हा बचाव कुणी करू नये. २०२२ साली प्रदर्शित झालेल्या ‘मी वसंतराव’मध्ये निपुण धर्माधिकारींनी राहुल देशपांडे यांनाच त्यांचे आजोबा वसंतराव देशपांडे यांच्या भूमिकेत उभं केलं. ते स्वतः गायले, आणि पुरा चित्रपट त्यांनी एकट्याच्या बळावर तोलला.