धडात मोकळा, मानेत घट्ट

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणताही करार समोर आला की त्यातून सुटायची वाट कुठे आहे हे तो आधी शोधतो आणि बुजवून टाकतो. कर्जदाराला जामीनदार, जामीनदाराला तारण, तारणावर बोजा. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हाही ही खोड गेली नाही. माझ्या एका कादंबरीतले नवराबायको शेवटी वेगळे व्हायला हवे होते, असे एका वाचकाने कळवले होते. मी त्याला उत्तर दिले नाही. जोडलेले ते जोडलेले, अशी माझी समजूत होती.

म्हणूनच गेल्या दिवाळीत बंगळूरहून आलेल्या मुलाने जेवणाच्या टेबलावर एक खोके उघडले, तेव्हा माझ्या कपाळावर आठी पडली. खोक्यात इलेक्ट्रिक गिटार होती, पण सुट्या भागांत. लाकडी धड निराळे, पडदे बसवलेली मान निराळी आणि एका पिशवीत धातूची चौकोनी पट्टी व चार स्क्रू. मान धडाला जोडायची ती या चार स्क्रूंनी. या पद्धतीला ‘बोल्ट-ऑन’ म्हणतात, पण नाव बोल्टचे असले तरी काम साध्या लाकडी स्क्रूंचे. सहा पोलादी तारा चढवल्या की या सांध्यावर सुमारे ४५ किलोंचा ताण येतो. “दाराच्या बिजागरीसारखे वाद्य जोडायचे?” मी विचारले. आमच्या घरात सौभाग्यवतींचा मिरजेचा तानपुरा आहे. त्याची दांडी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो, ते बोट फिरवूनही कळत नाही. माझ्या लेखी कारागिरी म्हणजे ती.

मुलगा हसला आणि त्याने मला लिओ फेंडर यांच्याविषयी सांगितले. मग मी स्वतःही थोडे वाचले. कॅलिफोर्नियातला हा गृहस्थ शिकला होता हिशेबनिसाचे काम, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. मंदीच्या काळात नोकरी गेली आणि १९३८ मध्ये त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. गिटार त्याला अखेरपर्यंत वाजवता आली नाही. पण १९५० मध्ये त्याने जी गिटार बाजारात आणली आणि जी पुढे ‘टेलिकास्टर’ नावाने जगभर गेली, तिची मान सरसाने चिकटवलेली नव्हती, स्क्रूंनी जोडलेली होती. अशी जोडणी आधी कोणी केलीच नव्हती असे नाही, पण ती रूढ केली त्याने. दुरुस्ती करून पोट भरणाऱ्या माणसाचा हा विचार होता. वाद्य वाजणार, म्हणजे झिजणार, वाकणार, पडणार. मग मान काढून दुसरी बसवता आली पाहिजे. वस्तू कधी बिघडणारच नाही, असे धरून चालण्यापेक्षा यात मला अधिक प्रामाणिकपणा दिसतो.

असो. आम्ही बापलेक कामाला लागलो. मान धडाच्या खाचेत बसवली आणि शिकंज्याने धरली. वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत दोन्ही कडांना दोरे ताणून मान सरळ असल्याची खात्री केली. धडात भोके होतीच. त्यांतून टोचा घालून मानेवर चार खुणा केल्या. मेपलचे लाकूड कठीण, म्हणून स्क्रूसाठी आधी बारीक भोके पाडावी लागतात. ती पडद्यांच्या बाजूने आरपार जाऊ नयेत म्हणून ड्रिलच्या टोकाला खोली दाखवणारी चिकटपट्टी लावली. आट्यांना साबण चोळला. मग एकाआड एक, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, असे चारही स्क्रू पिळले.

तरी फट राहिली. पोस्टकार्ड जाईल एवढी. मी म्हटले, “आण इकडे, जोर कमी पडतोय.” मी पिळले. फट तशीच. आणखी पिळले. लाकूड कुरकुरले, आणि मुलगा म्हणाला, “बाबा, थांबा. आटे जातील.”

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावले. गिटार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतली असेल. त्यांनी चारही स्क्रू काढले, एक धडाच्या भोकात घालून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, स्क्रू दोन्हीकडे धरतोय. दोन्हीकडे धरला तर ओढणार कोणाला? इकडे मोकळा पाहिजे, तिकडे घट्ट.” धडातली भोके त्यांनी थोडी मोठी केली, इतकी की स्क्रू बोटाने सहज आत-बाहेर व्हावा. मग आटे फक्त मानेत रुतले, स्क्रूचे डोके पट्टीवर टेकले आणि मान हलक्या हाताने खाचेत जाऊन बसली. फट गेली.

ही गोष्ट मला पस्तीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. एका शाखेत असताना एका लहान कारखानदाराचे कर्ज मी असे बांधले होते की, माल घ्यायचा तर बँकेची परवानगी, यंत्र विकायचे तर परवानगी, नवे गिऱ्हाईक उधारीवर घ्यायचे तरी परवानगी. कागद इतका पक्का होता की वरिष्ठांनी पाठ थोपटली. मंदी आली, माणसाला हलायला जागा नव्हती, आणि खाते बुडाले. मी तेव्हा म्हणत राहिलो, की आणखी एक जामीनदार घ्यायला हवा होता.

मोकळीक म्हणजे ढिलाई मात्र नव्हे. फेंडर यांनी १९६५ मध्ये आपली कंपनी विकली. नव्या मालकांनी १९७१ पासून ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटारींना चारऐवजी तीन स्क्रू दिले. त्या काळातल्या कित्येक गिटारींची खाचही सैल कापलेली असे, आणि मान बाजूला सरकते अशी वादकांची तक्रार होती. पुढे चार स्क्रू परत आले. खाच नेमकी हवी, आट्यांची पकड पक्की हवी. फक्त ती एकाच बाजूला हवी.

माझे भांडण चिकटवण्याशीही नाही. व्हायोलिन सरसानेच चिकटवतात. पण सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, म्हणून शे-दोनशे वर्षांची व्हायोलिने उघडून दुरुस्त करता येतात. जुन्या कारागिराने सांधा घट्ट केला, पण पुढच्या कारागिराची वाट बंद केली नाही. आपण मात्र आज बॅटरी आत चिकटवून टाकलेले फोन घेतो, आणि बॅटरी दमली की धडधाकट फोन फेकतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा करून, २०२७ पासून अशा बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता आल्या पाहिजेत, असे ठरवले. आपल्याकडेही असा कायदा व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उघडता न येणारी वस्तू मजबूत असते हा भ्रम आहे. तिची मजबुती पहिल्या बिघाडापर्यंतच.

आता जे सांगायचे टाळत होतो ते सांगतो. हा मुलगा दहावीत असताना त्याने गिटार मागितली होती. मी म्हटले होते, आधी बारावी. मग इंजिनिअरिंग, मग नोकरी. आज तो छत्तीस वर्षांचा आहे, आणि दिवाळीच्या तीन महिने आधी त्याने ती नोकरी सोडली होती. हे त्याने आईला सांगितले होते, मला नाही. मला कळले होते हे त्याला ठाऊक होते. मिस्त्री गेल्यावर तारा चढवता चढवता मी विचारले, “पुढे काय ठरवलंस?” एरवी या प्रश्नामागोमाग माझ्याकडे तीन सूचना तयार असतात. त्या दिवशी मी गप्प राहिलो. तो अर्धा तास बोलला.

परवा त्याचा फोन आला. “बाबा, तारा फार उंच वाटतायत. मानेचा कोन बिघडलाय बहुतेक.” मी म्हटले, “घाबरू नकोस. तारा ढिल्या कर, चारही स्क्रू काढ आणि खाचेत बघ. भुसा अडकला असेल.”