‘फुल्ली रिस्टोअर्ड’ म्हणजे नेमकं काय केलंत?

रात्री झोपण्यापूर्वी रील्स सरकवताना ती हमखास समोर येते. फिकट निळा रंग, गोलमटोल नाक, पन्नासच्या दशकातली शेव्हरोलेची पिकअप. टायरला पांढरा पट्टा, हौद्यात वार्निश मारलेल्या फळ्या, मागे ॲरिझोनाचं निरभ्र आकाश. खाली डॉलरमध्ये किंमत आणि दोन शब्द : ‘फुल्ली रिस्टोअर्ड’. आपण मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करतो, ‘बापरे’ म्हणतो, हार्ट देतो आणि पुढे जातो.

त्या दोन शब्दांपाशी जरा थांबू या. कारण अमेरिकेतला जुन्या गाड्यांचा अख्खा बाजार त्यांच्यावर चालतो. जानेवारीत स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनचा लिलाव, किसिमीला मेकमचा. ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात सुट्या भागांचा असा बाजार भरतो, की आपला चोर बाजार त्याच्या एका कोपऱ्यात मावावा. शिवाय वर्षभर हजारो जाहिराती. बहुतेकींत ‘रिस्टोअर्ड’ हे विशेषण असतं. क्रियापद मात्र नसतं. काय काढलं, काय घातलं, कुणी, कधी? आमचं म्हणणं एवढंच आहे, की हे सांगितल्याशिवाय तो शब्द वापरणं म्हणजे अर्धवट माल पूर्ण किमतीला विकणं आहे.

या एका शब्दाखाली काय काय खपतं ते बघा. काही लोक खरोखरच गाडी शेवटच्या नटबोल्टपर्यंत उघडतात, बॉडी चासीवरून उचलतात, चासी खरवडून रंगवतात आणि सगळं पुन्हा जोडतात. त्याला ‘फ्रेम-ऑफ’ म्हणतात. (पहिल्या पिढीच्या मस्टँगच्या जाहिरातीत हा शब्द दिसला तर खुशाल हसा. तिला वेगळी चासीच नाही, बॉडी हाच सांगाडा.) काही जण डेंटिंग-पेंटिंग करून, नवी सीट कव्हरं चढवून तोच शब्द लिहितात. आणि मग ‘रेस्टोमॉड’ : वरून १९६८, आत नवं इंजिन, डिस्क ब्रेक, एसी, ब्लूटूथ. शुद्धतावादी मंडळी रेस्टोमॉडला नाकं मुरडतात. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, आणि खांद्यावरून जाणारा सीट बेल्ट अमेरिकेत नव्या गाड्यांना सक्तीचा झाला तो १९६८ मध्ये. ज्याला अशी गाडी रोज चालवायची आहे त्याने ब्रेक बदलले तर शहाणपणाच केला. फक्त बदलले ते सांगावं.

न सांगितलेल्या गोष्टी मात्र पत्र्याच्या आत असतात. मस्टँगचंच घ्या. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती आली, मूळ किंमत २,३६८ डॉलर, पहिल्याच दिवशी २२ हजारांवर ऑर्डर. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या पोरांसाठी काढलेली, परवडणारी गाडी. पण तिच्या समोरच्या काचेखाली हवा आत घेण्यासाठी जाळी आहे आणि त्या जाळीखालचा पत्रा पावसाच्या पाण्याने आतून कुजतो. बाहेरून काही कळत नाही. जाणकार माणूस गाडी बघायला जाताना पाण्याची बाटली नेतो, जाळीत पाणी ओततो आणि आत वाकून पायाखालचा गालिचा चाचपतो. ओला लागला की वरच्या लखलखीत लाल रंगाचा अर्थ बदलतो. दुसरी युक्ती लोहचुंबकाची. पत्रा गंजून भोक पडलं की नवा पत्रा वेल्ड करायचा की पुटी भरून घासायची, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक गॅरेजात पडतो. पुटी असेल तिथे चुंबक चिकटत नाही. कॉर्व्हेटवर हा प्रयोग करू नका, ती १९५३ पासून फायबरग्लासची आहे. चुंबक सगळीकडूनच पडेल.

पुटी परवडली, पण खोटी ओळख नको. १९६४ आणि १९६५ ची पॉन्टियाक जीटीओ हे स्वतंत्र मॉडेलच नव्हतं. साध्या गाडीवर सुमारे ३०० डॉलर जास्त देऊन घ्यायचं ते पॅकेज होतं. त्यामुळे गाडीच्या नंबरावरून ती जीटीओ आहे की नाही हे कळतच नाही. नंबरावरून कळत नाही म्हटल्यावर चिन्हं, बॉनेट, इंजिन बदलून साध्या गाडीची जीटीओ करणं कुणालाही जमतं. १९७० च्या शेव्हेल एसएसचीही हीच गत. ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस-सिक्स इंजिनची शेव्हेल म्हणजे त्या काळातला वाघ. वाघ थोडे, कातडी पांघरलेले पुष्कळ. कुणी उघडपणे ‘ही प्रतिकृती आहे’ म्हणून विकत असेल तर काहीच हरकत नाही, किंमतही त्या मानाने कमी असते. गडबड आहे ती न सांगण्यात.

मग खरी कशी ओळखायची? कागदांवरून. पॉन्टियाकच्या कारखान्याच्या नोंदींच्या प्रती आजही पैसे भरून मिळतात. शेव्हरोलेच्या बाबतीत गंमत आहे. गाडी जोडणाऱ्या कामगारांसाठी एक कागद असायचा, कुठलं इंजिन, कुठला रंग, कुठला रेडिओ ते लिहिलेला. काम झाल्यावर तो कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये खोचला जायचा, कधी पेट्रोलच्या टाकीवर राहायचा. पन्नास वर्षांनी कुणी टाकी उतरवतो आणि उंदरांनी कुरतडलेला तो चिठोरा हाती लागतो. त्या चिठोऱ्याने गाडीची किंमत कुठल्या कुठे जाते. अर्थात कागदाचीही नक्कल होते आणि इंजिनवरचे आकडे घासून नवे ठोकणारेही आहेत. म्हणून जाणते लोक आकडे वाचण्याआधी त्यांच्या खालचा धातू बघतात. कारखान्यातल्या यंत्राने सोडलेल्या बारीक समांतर रेघा तिथे नसतील, तर कुणीतरी हात फिरवला आहे.

आणखी पुढे जाऊ. १९६७ च्या मस्टँगची संपूर्ण बॉडी आज नव्या पत्र्यात विकत मिळते. जुन्या पिकअपची केबिनही मिळते. दारं, बॉनेट, फ्लोअर, सगळं. मग जुन्या गाडीचा नंबर आणि दोन-चार तुकडे घेऊन उरलेली गाडी नवी उभी केली, तर ती १९६७ ची म्हणायची का? पुण्यात वाड्याचा दिंडी दरवाजा राखून मागे सात मजली इमारत उभी राहते आणि नाव वाड्याचंच राहतं, तसंच हे. दरवाजा खरा आहे, एवढं म्हणता येईल.

हा वाद फक्त शौकिनांचा असता तर सोडून दिला असता. पण कॅन्सस राज्यातल्या एका माणसाचं काय झालं ते ऐका. त्याने २०१६ मध्ये दुसऱ्या राज्यातून सुमारे ५० हजार डॉलरना १९५९ ची कॉर्व्हेट घेतली. नोंदणीसाठी तपासणीला नेली, तर पोलिसांना गाडीच्या नंबरपट्टीचे रिव्हेट मूळचे वाटेनात. आधी कधीतरी रिस्टोअर करताना कुणीतरी ती पट्टी काढून, रंगकाम करून, परत बसवली होती. रंगवताना पट्टी काढणं ही गॅरेजातली साधी गोष्ट. पण कायद्याच्या भाषेत ती ‘छेडछाड’ ठरली, गाडी जप्त झाली आणि ती नष्ट करण्यापर्यंत वेळ आली. मालकाने काही गैर केलं असा आरोपही नव्हता. वर्षानुवर्षं खटला चालला. शेवटी २०२२ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाला जुन्या गाड्यांसाठी कायदाच बदलावा लागला. कुणी काय काढलं आणि काय बसवलं याची फोटोंसकट नोंद ठेवली असती, तर निदान पहिल्याच दिवशी बोलायला काही हातात असतं.

आता उलट टोकाची गाडी. ‘बुलिट’ सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर उडवलेली हिरवी मस्टँग. सिनेमा १९६८ चा. १९७४ मध्ये एका कुटुंबाने ती अंदाजे सहा हजार डॉलरना घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. १९७७ मध्ये मॅक्वीनने स्वतः पत्र पाठवून ती परत मागितली, यांनी दिली नाही. नंतर ती कित्येक वर्षं नुसती उभी होती. जानेवारी २०२० मध्ये किसिमीच्या लिलावात ती आली तेव्हा तिच्यावर गंज होता, पोचे होते, रंग उडालेला होता. चालती करण्यापुरती दुरुस्ती सोडली तर तिला कुणी हात लावला नव्हता. ३४ लाख डॉलरची बोली लागली, शुल्क धरून ३७ लाख ४० हजार. त्या वेळपर्यंत कुठल्याही मस्टँगला एवढे पैसे मिळाले नव्हते. तिला ‘फुल्ली रिस्टोअर्ड’ केलं असतं तर काय उरलं असतं, विचार करा. सुंदर हिरव्या मस्टँग शेकड्यांनी मिळतात.

पिकअपच्या बाबतीत हे जास्तच टोचतं. १९४७ ते १९५५ या काळातली शेव्हरोलेची पिकअप ही शेतकऱ्याची, सुताराची, दूधवाल्याची गाडी. तिच्या हौद्यात गवताचे गठ्ठे, कोंबड्यांची खुराडी, सिमेंटच्या गोण्या पडल्या. दारावर कुठल्याशा दुकानाचं नाव हाताने रंगवलेलं असायचं. आज रिस्टोअर करताना सगळ्यात आधी जातं ते हेच नाव. मग हौद्यात अशा गुळगुळीत फळ्या बसतात, की त्यावर बॅग ठेवायलाही मालक देत नाही. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाही ती इतकी देखणी नव्हती. अमेरिकेतल्याच काही लोकांना हे कळून चुकलं आहे. तिथल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लबच्या स्पर्धांत न रिस्टोअर केलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट असतो. आमचं मत त्या बाजूचं. दारावरचं नाव पुसट का होईना, दिसत असेल तर पॉलिश पेपर खाली ठेवावा.

याचा अर्थ रिस्टोअर करणाऱ्यांचं काम कमी प्रतीचं असा नाही. नीट रिस्टोअर करायचं तर हजारावर तास सहज जातात. तासाला १०० डॉलर मजुरी धरा, फक्त मजुरीच एक लाख डॉलर. बहुतेक गाड्यांना विकताना तेवढे पैसे येत नाहीत. म्हणजे जाहिरातीत किंमत स्वस्त दिसली, तर एक तर कुणीतरी हौसेपायी तोटा सोसलाय, नाहीतर ते तास कधी लागलेच नाहीत. कॅन्ससमध्येच मॅकफर्सन कॉलेज आहे, तिथे गाड्या रिस्टोअर करण्यात चार वर्षांची पदवी मिळते. वेल्डिंग, शिवणकाम, रंग, इंजिन आणि सोबत इतिहासाचा अभ्यास. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९५३ ची मर्सिडीज ३०० एस तयार केली आणि २०२३ मध्ये पेबल बीचच्या प्रतिष्ठेच्या स्पर्धेत तिच्या गटात दुसरा क्रमांक मिळवला. गाडी जर्मन होती, पण मुद्दा मुलांचा आहे, तुमच्याच वयाची. इतिहास आणि वेल्डिंग एकाच पदवीत शिकवणं आपल्याकडे कुणाला सुचेल?

आपला याच्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर कॉलेजच्या पार्किंगमध्ये फेरी मारा. ‘फुल्ली रिस्टोअर्ड आरएक्स १००’ विकणारा एक तरी भेटेल. १९९६ ला बंद पडलेल्या त्या बाइकसाठी आज पोरं कितीही मोजतात आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळतो का ते मात्र घरी आल्यावर बघतात. शब्द तोच, खेळही तोच.

शिवाय अमेरिकन गाड्या आपल्याला परक्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला, तिथे १९५४ पर्यंत शेव्हरोलेच्या कार आणि ट्रक जोडले जात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या. त्यातल्या वाचलेल्या काही आजही मुंबई-पुण्यातल्या रॅलींत दिसतात. जुलै २०२१ मध्ये केंद्राने अशा वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा नंबर मिळू शकतो. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नकोत. अमेरिकन पद्धतीने आत नवं व्ही-एट इंजिन कोंबलेली पिकअप या व्याख्येत बसणार नाही. आरएक्स १०० वाल्यांनी घाई करू नये, त्यांची पन्नाशी २०३५ च्या आत येत नाही.

तोवर रॅलीत एखाद्या गाडीच्या मालकाशी बोलायला मिळालं तर रंगाचं नाव नंतर विचारा. आधी काढलेले पार्ट कुठे ठेवलेत ते विचारा. नीट काम करणाऱ्याकडे बहुधा एक खोका असतो : झिजलेला कार्ब्युरेटर, गंजका बिजागर, चिंधी झालेलं सीट कव्हर आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो. तो आनंदाने उघडून दाखवेल, आणि मग तुमची पुढची तासभर सुटका नाही.